कान सोडून घेतलेलं माप

कच्च!

भर दुपारची शांतता. लेक आत्ताच कुठे झोपलेली, आणि बाहेरच्या खोलीतून कात्रीचा आवाज! बाबांनी शिवणकाम बंद करून दोन वर्षं झाली होती. आता कात्री निघाली म्हणजे घरात काहीतरी बेतलं जातंय, आणि ते आपल्यासाठीच आहे, हे चिमणीने ओळखलं.

चिमणी हे तिचं घरातलं नाव. वय वर्षं एकतीस, पाच वर्षांच्या मुलीची आई, खिशात सहा वर्षं जुनं लायसन्स. पण बाबांच्या लेखी ती अजून बोट सुटलं की हरवणारी चिमणीच. नवरा सहा महिने जहाजावर, म्हणून ती लेकीसह माहेरी. आणि मुलगी झाल्यावर सुटलेली नोकरी आता पुन्हा मिळाली होती, गावाबाहेरच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत! सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. तिकडे बस जात नाही. म्हणून गाडी.

बाहेर येऊन बघते तो काय! बाबा जमिनीवर उकिडवे बसलेले. खोलीभर वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवलेली, आणि त्यावर खडूची भली मोठी आकृती.

"बाबा, हे काय?"

"तुझी गाडी. काल माप घेऊन आलो ना! आता कागदी बेत कापून आपल्या दुकानात पसरतो. बसतेय का बघू."

दुकान म्हणजे घराला लागूनची त्यांची जुनी शिलाईची खोली. शटर होतंच, त्यामुळे गॅरेज तिथेच करायचं ठरलं होतं.

"चाळीस वर्षांत माझी टेप चुकलेली नाही!" बाबा छाती फुगवून म्हणाले.

"वेळ मात्र रोज चुकायची," स्वयंपाकघरातून आई. "माझं एक ब्लाउज लग्नाआधी मागितलेलं, नातीच्या बारशाला मिळालं!"

गाडी होती एका पशुवैद्याची. जुनी डिझेल. काल ते डॉक्टर बिचारे इंजिन समजावून सांगत होते, आणि बाबा मागची सीट उलटी करून शिवण बघत होते.

"दुहेरी टाका! असा माणूस इंजिनात लबाडी करणार नाही."

"अहो बाबा, शिवण काही डॉक्टरांनी घातलेली नाही."

"पण उसवू दिली नाही ना!"

मग इंजिन सुरू झालं. टक-टक-टक-टक! बाबांचे डोळेच भरून आले. "ऐक, चिमणे! अगदी माझ्या मशीनसारखं! त्या पेट्रोलच्या गाड्यांना मेला आवाजच नाही. चालू आहे की बंद, माणसाला कळायचं कसं?"

गाडी पसंत पडली ती अशी. डॉक्टरांनी एवढंच बजावलं, "थंडी असली की चावी अर्धी फिरवून आधी हा पिवळा दिवा विझू द्या, मग पूर्ण फिरवा. हिला घाई खपत नाही." ते चिमणीने ऐकलं. बाबा तेव्हा डिकीच्या अस्तरात होते.

कागदी गाडी दुकानात पसरली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मार्जिन! बाबांनी टेप गळ्यात टाकली, जणू हारच.

रविवारी सकाळी कडाक्याच्या थंडीत खरी गाडी दारात आली.

"मी लावते आत," चिमणी म्हणाली.

"नको, मी लावतो."

"बाबा, गाडी माझी आहे ना?"

"तुझीच गं! म्हणून तर मी लावतो."

चिमणी मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसली. आई दुकानात अगदी आतल्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी बोलवायला लागली, "या... या... अजून या..."

कट्! कट्! दोन्ही आरसे शटरच्या चौकटीला लागून मिटले.

"कान राहिले मोजायचे," बाबा पुटपुटले. "शर्टाचं माप घेताना कान कोण मोजतं?"

पण गाडी आत गेली! बाबांनी ऐटीत इंजिन बंद केलं, दार उघडलं. दार चार बोटं उघडलं आणि भिंतीला टेकलं. चिमणीचंही तेच. आई इस्त्रीच्या टेबलावर चढली, कारण पुढचा बंपर तिच्या गुडघ्यांना लागला होता.

"अहो," आई थंडपणे म्हणाली, "मापात माणसं धरली होती का?"

मग पाऊण तास नुसता कलकलाट. चूक टेपची की भिंतीची, यावर बाबा आणि आईचं काचेतून भांडण. मोकळी होती ती फक्त नात, पिल्लू. ती बाहेर आपल्या छोट्या सायकलवर बसून मागच्या काचेतून आनंदाने हात हलवत होती.

शेवटी बाबांनी खस्सकन चावी फिरवली. खर्र... खर्र... काही नाही. परत फिरवली. खर्र...

"बाबा, दिवा विझू द्या."

"आता तू मला शिकवणार?"

खर्रऽऽ. आवाज बारीक होत चालला. चिमणीला समोर सोमवारची सकाळ दिसली. बॅटरीबरोबर नोकरीही चालली होती.

"बाबा, सरका!" आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला आत्ताच कळलं. "माझी गाडी आहे. सरका!"

बाबांनी चावी सोडली. गाडीतल्या गाडीत जागा बदलणं म्हणजे एका अस्तनीत दोन हात! बाबांचा पाय हॉर्नवर, टेप गिअरच्या दांड्यात, आणि टेबलावर आई पोट धरून हसतेय. कशीबशी चिमणी स्टिअरिंगमागे बसली. अर्ध्या चावीवर पिवळा दिवा लागला. ती थांबली. बाबांची बोटं गुडघ्यावर नाचत होती. दिवा विझला. तिने चावी पूर्ण फिरवली.

टक-टक-टक-टक!

"मागे बघ हं, पिल्लू बाजूला झालं का? डावीकडे... हळू..."

"बाबा."

"बरं."

भिंतीला कुठेही न घासता गाडी सुतासारखी सरळ बाहेर आली. बाबा उतरले, चावीकडे बघितलं, आणि ती मागितली नाही.

"अंगणातच राहू दे," ते म्हणाले. "मी कव्हर शिवतो. या खेपेला कानांसकट! आणि उद्या... उद्या निघण्याआधी दिवा विझू दे हं."

चिमणीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तेवढ्यात पिल्लूची सायकल अंगणाच्या उतारावर घरंगळायला लागली.

"अगं थांब! मी धरते! हळू... डावीकडे..." चिमणीने धावत जाऊन सायकलची सीट घट्ट पकडली.

पिल्लूने मान वळवून आधी सीटवरचा हात बघितला, मग आजोबांना, मग आईला.

"आई, मला पण एकतीस वर्षांची झाल्यावरच सोडणार?"