नोंदीतलं गवत

"गवताला विचारल्याशिवाय गाय गाभण ठेवू नकोस."

सासरे शेवटचं बोलले ते एवढंच. ना जमिनीचं काही सांगितलं, ना भावकीचं. वहिनींनी ते शब्द वीस वर्षं पाळले. कुरणावर कोवळं गवत फुटायच्या पंधरा दिवस आधी गाई व्यायला हव्यात, म्हणजे दूध भरात येतं तेव्हा तोंडाला हिरवं लागतं. भूक आणि गवत यांची गाठ वेळेवर पडली की गोठ्यात सगळं गोडीगुलाबीचं.

परंतु ही गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती, आणि जे लिहिलेलं नाही ते सरकारच्या पशुखात्याच्या दृष्टीने घडत नसतं. म्हणून खात्याने 'चारागरज व गवतवाढ ताळमेळ कक्ष' स्थापन केला. कक्षाने वेळापत्रक छापलं. कोणत्या आठवड्यात गवत किती बोटं वाढेल हे त्यात दिलेलं होतं आणि त्यावरून गाई गाभण ठेवण्याच्या तारखाही नेमून दिल्या होत्या. तारीख चुकवणाऱ्याच्या गोठ्याकडे खात्याचा डॉक्टर फिरकणार नव्हता. वेळापत्रक घरोघर पोचलं. एक प्रत गवतालाही द्यायला हवी, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

यंदा नऊच्या नऊ गाई तारखेबरहुकूम व्याल्या. गवत आलं नाही.

नणंद कुरणावर फेरी मारून आली. "वहिनी, गवत आहे म्हणायला आहे. पण गाईंना आधी चष्मे करून द्यावे लागतील."

पंधरवड्यात वैरणीची गंजी तळाला गेली. तांबडी गाय तर उठायलाही कां-कू करू लागली. तिचं वासरू दिवसभर आचळांना ढुशा देई आणि हाती काही न लागल्यासारखं वहिनींच्या तोंडाकडे पाही. अजून आठ दिवस असेच गेले तर तांबडी हातची जाणार, हे सांगायला डॉक्टर नको होता. तिकडे खात्याच्या आगारात वैरणीची थप्पी छपराला टेकली होती. वहिनी नणंदेला घेऊन कार्यालयात गेल्या.

साहेबांनी नोंदवही उघडली, बोट फिरवलं आणि समाधानाने मिटली. "तूट दिसत नाही."

"गाईंना दिसते, साहेब," वहिनी हळूच म्हणाल्या.

"गाईंचं निरीक्षण ग्राह्य धरता येत नाही. नोंदीप्रमाणे तुमच्या कुरणात आज बारा बोटं गवत आहे."

"देवाशप्पथ सांगते, दोन बोटंसुद्धा नाही."

साहेबांनी वहिनींचा अर्ज उलटसुलट करून पाहिला. "शपथेला यात रकाना नाही. आणि असं बघा बाई, वर्षाची सरासरी काढली तर तुमच्या गाईंना लागतं तेवढंच तुमच्याकडे उगवतं. एका पेंढीचा फरक नाही. आत्ता कमी वाटत असेल, तर पुढे जास्त येईल. गाईंना तेवढं समजावून सांगा."

नणंदेला राहवेना. "साहेब, तुमचा डबा रोज येतो ना? मग एकदाच पोटभर जेवा, आणि सरासरी काढत बसा की वर्षभर!"

"वन्सं," वहिनींनी तिला डोळ्यांनी दटावलं. मग मऊ आवाजात विचारलं, "साहेब, मोजलं कुणी?"

मोजणीदाराला बोलावण्यात आलं. माणूस भला होता. हातात फूटपट्टी आणि पायांत धूळ न लागलेले बूट. "मीच मोजतो. रोज सकाळी, न चुकता."

"आमच्या कुरणात तुम्हाला कधी पाहिलं नाही."

"तुमचं कुरण दोन कोसांवर, ताई. जायला गाडी नाही. म्हणून खात्याने प्रातिनिधिक कुरण नेमलंय." त्याने खिडकीबाहेर बोट केलं.

खाली कार्यालयापुढची हिरवळ डुलत होती. दोन वेळा नळीने पाणी, कडेने विटांची रांग, जागोजाग क्रमांकाच्या पाट्या.

"ती कोपऱ्यातली पट्टी तुमची. क्रमांक एकशे चार. सगळ्या गावांचं गवत इथेच वाढतं."

"कापत नाही का कुणी?"

"छे! माळ्याला सक्त मनाई आहे. हे कापलं तर शंभर गावांत एका दिवसात दुष्काळ पडेल."

वहिनींनी खिडकीतून एकशे चारची पाटी नीट पाहून घेतली. मग वळून म्हणाल्या, "मग आगारातली वैरण कधी मिळेल?"

"नोंदीतलं गवत संपल्यावर," साहेब म्हणाले. "नियम सातवा. हमीपत्र द्या, की माझ्या नावे नोंदलेलं सर्व गवत तीन दिवसांत माझ्या जनावरांना चारून संपवीन. चौथ्या दिवशी मोजणी. शून्य आलं की वैरण गाडीत भरून देतो."

असं हमीपत्र दिल्यावर आजवर कुणी परत आलेलं नव्हतं, त्यामुळे साहेबांची या नियमावर फार श्रद्धा होती.

वहिनींनी हमीपत्र दोनदा वाचलं. मागे रांगेत चुळबुळ झाली. "अहो, वाचता काय? आम्ही डोळे मिटून सह्या केल्यात!" वहिनींनी तिसऱ्यांदा वाचलं आणि सही केली.

घरी येताना नणंद धुसफुसत होती. "कशाला सही केलीस? फसवलं त्यांनी."

"फसवलं कुठे? क्रमांकासकट लिहून दिलंय," वहिनी म्हणाल्या. "आणि शब्द दिला की पाळायचा, वन्सं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यांनी देवापुढे हात जोडले, वासरं नणंदेच्या हवाली केली आणि नऊही गाई सोडल्या. तांबडीला हात देऊन उठवावं लागलं.

वाटेत शेजारी दारात उभा होता. त्याच्या गोठ्यातल्या गाईंच्या फासळ्या रस्त्यावरून मोजता येत होत्या. "कुठे निघाली फौज?"

"गवत संपवायला. खात्याच्या दारात."

तो आधी पोट धरून हसला. मग एकदम गंभीर झाला आणि धावत आडवा आला. "थांबा, थांबा! एकशे पाच माझी आहे. तुमच्याला लागून. तिला तोंड लागता कामा नये हां, वहिनी! बारा बोटं आहे माझं तिथे. कमी भरलं तर वहीत नाव खराब व्हायचं!"

आपण हसू नये. कुठल्या ना कुठल्या खिडकीखाली आपल्याही नावाची एक पट्टी पाणी पिऊन डुलते आहे, आणि तिची पावती आपण घरात जपून ठेवली आहे.

वहिनींनी त्याच्या गोठ्याकडे एकवार पाहिलं. "नाही लागू देणार," त्या म्हणाल्या. तांबडीच्या पाठीवर हात ठेवून, तिच्या चालीने, त्या पुढे निघाल्या.