बांधावरच्या फणसातली सोयरिक

बांधावरचा फणस कुणाचा, यावरून नवनाथ आणि त्याचा चुलतभाऊ विलास यांचं कैक दिवस वाजलं होतं. कशेळ्याच्या बाजारात एक दिसला की दुसरा वाट बदलायचा. त्यातच फणसाच्या खोडातून भुसा गळू लागला आणि नवनाथच्या बायकोची, नंदाची भाची सुरभी तो बघायला आली. सुरभी कॉलेजात भुंगेऱ्यांवर संशोधन करायची. एवढी शिकलेली पोरगी किड्यांच्या मागे का लागते, हे नवनाथला कधीच कळलं नव्हतं.

हे भुंगेरे लाकूड खात नाहीत, खोड पोखरून आत बुरशीची शेती करतात आणि ती खातात, असं तिने सांगितलं. ते ऐकून नवनाथ आणखीच गोंधळला. पण पुढचं त्याला बरोबर ऐकू आलं.

"काका, जात नवीन दिसतेय. झाड ज्याचं, त्याचंच नाव देईन म्हणते."

झाडाचा मालक म्हणून आपलं नाव एकदा छापून आलं की विलास काय बोलणार? नवनाथ हुरळून गेला. पण गावात बातमी थोडीच दडते? विलास तडक आला आणि नाव माझं लागलं पाहिजे म्हणून ओसरीवर ठाण मांडून बसला.

सुदैवाने त्याच खोडात दुसरा एक किडा निघाला. बुटका, कुबडा, उडता न येणारा. ही वेगळीच जात, असं सुरभीला वाटलं. मग मोठ्याला नवनाथचं नाव आणि बुटक्याला विलासचं, असं ठरलं. आपला किडा मोठा म्हणून नवनाथ खूश होता.

आठवड्याने सुरभी पडलेल्या चेहऱ्याने परत आली. दोघांना समोर बसवून म्हणाली, या दोन जाती नाहीतच. मोठी ती मादी, बुटका तो नर. जात एक, तेव्हा नावही एकच.

नवनाथच्या डोक्यात काही शिरेना. म्हणजे आपण मुलीकडचे झालो? विलासची मान लगेच ताठ झाली. लग्नानंतर नाव नवऱ्याचंच लागतं, असं त्याने सुनावलं. त्यावर नवनाथ म्हणाला, घर पोखरते ती, शेती करते ती; तुझा नवरदेव नुसता बिळात बसून गिळतो. आवाज चढत गेले.

"पन ही बया नवरा आणते कुठनं?" नंदाने दारातून विचारलं.

सुरभी चाचरली. "मावशी, बाहेरून नाही आणत. एकाच आईची पिल्लं ती. त्याच बिळात भावाबहिणींचंच जुळतं."

नवनाथच्या डोळ्यांपुढे ते छापील पान आलं. त्यावर आपलं नाव, आणि ते वाचणारी सगळी सासुरवाडी. विलासलाही तेच दिसलं असावं, कारण तो घसा खाकरत उठला.

"दादा, मी काय म्हंतो, झाड तुमचंच हाय. आज्यानं तुमच्याच बापाला दिलेलं."

"नाय रं," नवनाथने त्याचा हात धरला. "मोजणी केली तर तुझ्याच हद्दीत निघंल. मी उगाच भांडत व्हतो."

मग झाडाचा मालक म्हणून कुणाला लिहू, असं सुरभीने विचारलं. दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.