नानांचा जड व्हिडिओ

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आमच्या घरातलं इंटरनेट स्वच्छ करायचं ठरवलं.

"आधी माळा स्वच्छ करा," बायको म्हणाली.

पण माळ्यावर चढण्याबद्दल मोफत व्याख्यान कुणी ठेवत नाही. इंटरनेटबद्दल ठेवतात, आणि ते मी त्याच सकाळी मोबाइलवर ऐकलं होतं. कुटुंबांसाठी आणि छोट्या धंद्याच्या वेबसाइटसाठी उपयुक्त सूचना! आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, दुकानाची वेबसाइट आहे (लेकीने केलेली, मालक मी) आणि कुटुंब तर आहेच. म्हणजे व्याख्यान जवळजवळ माझ्यासाठीच ठेवलं होतं.

सर काय बोलत होते म्हणून सांगू! सगळीकडे एकच पासवर्ड वापरू नका. म्हाताऱ्या माणसांच्या फोनमधला कचरा अधूनमधून काढा. वेबसाइट पटकन उघडली नाही तर गिऱ्हाईक निघून जातं, तेव्हा जड गोष्टी काढून टाका. मी मान डोलावत होतो. (डोलावता डोलावता शेवटी डोळा लागला. त्या वेळी सर बॅकअपबद्दल बोलत होते, हे मला नंतर कळलं.)

तर मी कामाला लागलो. सगळ्यांचे पासवर्ड बदलले. मग आईकडे गेलो.

"आई, फोन दे. साफ करून देतो."

"कर बाबा. तुला कळतं त्यातलं," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

त्यात शुभ सकाळचे फुलांचे फोटो इतके होते की बाग लावता आली असती. सोबत ढीगभर व्हिडिओ. एकेक कोण बघत बसणार? सगळे काढले. मग वेबसाइट. तिथे पहिल्याच पानावर नानांचा व्हिडिओ होता. नाना म्हणजे माझे वडील. हे दुकान त्यांनी उभं केलं, गेल्या वर्षी ते गेले. त्या व्हिडिओत ते घरच्या घरी मशीनला तेल कसं द्यायचं ते दाखवत होते. साइटवर तेवढीच एक गोष्ट जड होती. मी क्षणभर थांबलो, नाही असं नाही. पण धंदा म्हणजे धंदा, असं स्वतःला बजावून मी तो काढला आणि त्या जागी हसणाऱ्या कुठल्याशा बाईचा फोटो लावला. तिच्यासमोर मशीन होतं, पण त्यात दोरा नव्हता.

साइट भराभरा उघडायला लागली. फक्त ती उघडणारं कुणी उरलं नाही.

आता हे कळावं म्हणून सांगतो, की आमची साइट कधी आणि किती वेळा उघडली जाते त्याचा तक्ता मी रोज बघायचो. फार नाही, पण सकाळ, दुपार, संध्याकाळ न चुकता कुणीतरी यायचं. शेजारच्या औषधवाल्याला मी ते पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं. आता तक्ता सपाट झाला. मला वाटलं, रंग आवडला नसेल. मी रंग बदलला. मग अक्षरं मोठी केली.

"नवी साइट कशी वाटते?" मी औषधवाल्याला विचारलं.

"कुठली साइट?" तो म्हणाला.

घरातही काहीतरी बिनसलं होतं. आई जेमतेम जेवायची. दुपारी फोन हातात घेऊन बसायची, आणि मी आलो की पदराखाली लपवायची. मी बायकोला म्हटलं, "आईला फोनचं व्यसन लागलंय. त्यावरही सरांनी एक सूचना सांगितली होती."

बायको माझ्याकडे एकदा बघून आत निघून गेली.

मग एका संध्याकाळी लेक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"बाबा, तू साइटवरून आजोबांचा व्हिडिओ काढलास?"

"जड होता गं तो."

"आजी आत्ता मला काय म्हणाली माहितीय? म्हणाली, माझ्याकडून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं आणि हे पुसले गेले. तुझ्या बाबाला सांगू नकोस, तो रागावेल." तिने बाहीने नाक पुसलं. "तिच्या फोनवर मी साइटचं बटण पुढेच लावून दिलं होतं. दाबलं की आजोबा बोलायचे. आता ती ते दाबायलाच घाबरते. साइटवर रोज तीच यायची, बाबा. दुसरं कुणी नाही."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी आईच्या खोलीत गेलो.

"आई, तुझं काही चुकलेलं नाही. तो व्हिडिओ मी काढला."

तिने सुटकेचा श्वास टाकला. "तू काढलास होय! मग परत घाल की."

इतक्या विश्वासाने म्हणाली ती! साइटवर नव्हता, लेकीकडे नव्हता, आणि ज्या फोनवर तो मुळात शूट केला होता तो आईचाच फोन मी स्वच्छ केला होता. वेबसाइटच्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी फार नम्र होती. "सर, बॅकअप घेतला होता का?" मी म्हटलं, त्या वेळी मी झोपलो होतो. ती म्हणाली, सॉरी सर.

"नुसते हात टेकून बसू नका," बायको म्हणाली. "नाना तो व्हिडिओ गिऱ्हाइकांना पाठवायचे ना? मग लावा फोन!"

आम्ही तिघं तीन फोन घेऊन बसलो. कुणाचा फोन बदलला होता, कुणी कचरा काढला होता. (तेच सर ऐकत असणार.) शेवटी नानांच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक टेलरबाई म्हणाल्या, "आहे की! मी अजून तो बघूनच तेल घालते." आणि त्यांनी तो पाठवला.

आईला मध्ये बसवून आम्ही तो लावला. नाना चष्मा सरकवत म्हणाले, "आधी बॉबिन काढा. ब्रशने धूळ काढा. तेल एकच थेंब. मशीनला न्हाऊ घालायचं नाही." आईने हात उचलून स्क्रीनला लावला आणि ते जागच्या जागी थांबले. लेकीने पुन्हा सुरू करून दिलं.

आणि मग व्हिडिओ संपायच्या जागी संपलाच नाही. नाना पुढे बोलू लागले. "एवढं करूनही टाका सुटला, तर दुकानात आणा. पण मी असेन तेव्हा आणा. मुलगा असला तर सांगा, नंतर येते. पोरगा सोन्यासारखा आहे हो, पण मशीन उघडतो आणि जोडून झाल्यावर स्क्रू उरतात."

मी लेकीकडे पाहिलं. "साइटवर टाकताना हे मीच कापलं होतं," ती पुटपुटली. "तुला वाईट वाटू नये म्हणून."

आई हसत होती. नाना गेल्यापासून पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "अगदी असंच म्हणायचे!" मग पदराने डोळे पुसून माझ्याकडे वळली. "हे सगळं घाल. एक शब्द कापायचा नाही."

घातलं. तीन ठिकाणी बॅकअपही ठेवला. तक्ता पुन्हा सकाळ, दुपार, संध्याकाळ हलू लागला आणि मी औषधवाल्याला काही बोललो नाही.

आठवड्याने एक अनोळखी बाई मशीन घेऊन दुकानात आल्या. "तुमची वेबसाइट बघून आले," त्या म्हणाल्या. साइट बघून आलेलं हे आमचं पहिलं गिऱ्हाईक! मी लगबगीने उठलो.

"ते मोठे कधी असतात?"

"ते गेले हो," मी म्हटलं. "गेल्या वर्षी. मी त्यांचा मुलगा."

"अरेरे," त्या मनापासून हळहळल्या. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मशीनकडे. मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"उघडा तुम्ही," त्या म्हणाल्या. "स्क्रू मी मोजते."