बेरजेतून निघालेलं तेल

पृथ्वीच्या पोटात काय आहे हे पृथ्वी कधीच सांगत नाही. ते सांगण्यासाठी आमचा विभाग नेमलेला आहे. आम्ही जमिनीला धक्का देतो, परत आलेले हादरे टिपतो आणि समाकल कारक नावाच्या प्रोग्राममध्ये ओततो. (समाकल म्हणजे बेरीजच, पण पदवीधरांनी केलेली.) हादरा जिथून जिथून आला असेल त्या सगळ्या जागी तो थोडाथोडा वाटायचा, मग सगळ्याची बेरीज घ्यायची, की जमिनीखालचं चित्र तयार.

हा कारक आमच्या प्रोग्रामर बाईंनी लिहिला. तो इतका गुणी निघाला की कुणालाही रिकाम्या हाती परत पाठवत नाही. खरे हादरे घातले तर थर दिसतात; नुसता गोंगाट घातला तरी हसऱ्या ओठांसारख्या कमानी उमटतात. चाचणीसाठी बाईंनी हादरे टिपणारं यंत्र घरी नेऊन स्वयंपाकघरात ठेवलं. त्यांची आई खलबत्त्यात मिरी कुटत होती. चित्रात झकास हसरी कमान आली.

आमच्या साहेबांनी त्या चित्राचा कागद उलटा धरला आणि त्यांना, जमिनीखाली तेल साठतं तसा, तेलाचा घुमट दिसला.

"साहेब, ही आईच्या खलबत्त्याची फाइल आहे," बाई म्हणाल्या. "आणि कागद उलटा आहे."

विभागाच्या समितीने दोन्ही हरकती गांभीर्याने तपासल्या. कागद सरळ धरल्यास तेलाची शक्यता शून्य टक्के, उलटा धरल्यास चौऱ्याण्णव. (उरलेले सहा आडवा धरणाऱ्यांसाठी राखीव.) एवढा फरक असताना सरळ धरणं हा निव्वळ हट्ट ठरला असता.

खोदाईचं मशीन बाईंच्या दारात आलं तेव्हा आई बत्ता घेऊनच बाहेर आली. "अहो साहेब, मी मिरी कुटत होते हो! खाली कसलं तेल? तेल फळीवर आहे. हवं तर वाटीभर घेऊन जा, पण माझा ओटा सोडा!"

साहेबांनी नोंद केली : स्थानिक रहिवाशांनी तेल असल्याचं मान्य केलं.

ओटा गेला, मोरी गेली, फळीही गेली. तेल लागलं नाही. यावरून ते आणखी खोल असल्याचं सिद्ध झालं. बाई ढसाढसा रडल्या. मलाही फार वाईट वाटलं, पण अहवाल देखणा झाला होता.

या यशामुळे आता वस्तीवस्तीत यंत्रं पुरली आहेत. वाचताना मघाशी तुम्ही हसलात, खुर्ची हलली, ती आमच्या बेरजेत आली. अभिनंदन! घुमट तुमच्या पलंगाखाली आहे. मशीन निघालंय, तेवढी गादी उचलून ठेवा.