कॅम्पसाठी जागा पाहणे चालू आहे

निसर्गाच्या सान्निध्यात माणसाने जरूर जावे. मात्र जाण्यापूर्वी निसर्गाची नीट चौकशी करावी. मुलीसाठी स्थळ बघताना आपण मुलाच्या मामापर्यंत पोचतो. मग ज्या वाळूवर अख्खी रात्र पाठ टेकायची तिची काहीच माहिती काढायची नाही, हे सुशिक्षित माणसाला शोभत नाही. अमिरातीत वाळू भरपूर आहे, म्हणून तर जास्त काळजी घ्यावी लागते. एकच जागा असती तर निवडीचा प्रश्नच आला नसता आणि लोक सरळ जाऊन झोपले असते.

विषय निघाला तो दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत, शैलेंद्र आणि शोभना यांच्या घरी, दिवाळीच्या फराळाला. त्यांची मिहिका बारावीत होती आणि येत्या ऑगस्टमध्ये शिकायला कॅनडाला जाणार होती. चकली मोडता मोडता ती म्हणाली, "बाबा, आय वॉन्ट जस्ट वन थिंग बिफोर आय लीव्ह. वन नाइट इन अ टेंट. यू, आई अँड मी. नो हॉटेल." शोभनाने तिच्या ताटलीत आणखी एक चकली ठेवली. शैलेंद्र म्हणाला, "डन! फक्त जागा फायनल करू या."

(या वाक्यातल्या 'फक्त' या शब्दाला पुढे फार काम पडले.)

शैलेंद्र दुबई मरीनातल्या एका कंपनीत खरेदी विभाग सांभाळतो. तीन कोटेशन आल्याशिवाय तो ऑफिससाठी झाडूसुद्धा घेत नाही. वाळवंट फुकट असल्यामुळे त्याचे कोटेशन द्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा त्याने समिती नेमली. बँकेत जोखीम विभागात असलेला सुजीत सुरक्षेसाठी, त्याची बायको वैभवी आहारासाठी आणि मी पाण्याच्या कॅनसाठी. शोभनाकडे गाद्या आल्या. तिघांच्या कॅम्पला आता तीन कुटुंबे झाली होती, पण एकट्याने जाणे बरे दिसत नाही. मिहिकाला समितीत घेतले नाही. ती लाभार्थी होती, आणि लाभार्थ्याने निर्णयप्रक्रियेत लुडबूड करू नये असा संकेत आहे.

सर्वप्रथम तज्ज्ञांचे मत घेतले. शैलेंद्रच्या ऑफिसातला हम्माद इथलाच. त्याचे सगळे कुटुंब हिवाळाभर वाळवंटात राहायला जाते. जागा कशी निवडता, असे विचारल्यावर तो म्हणाला, "हबीबी, गाडी चलाओ. जगह अच्छा लगा, रुको. खलास." समितीने त्याचे आभार मानले आणि उत्तरापुढे 'माहिती अपुरी' असा शेरा मारला.

मग निकष ठरले. जागा एकांतात हवी, पण आजूबाजूला चार चांगली कुटुंबे हवीत. चांदणे स्वच्छ दिसावे, पण दिव्याचा खांब जवळ असावा. मोबाइलला रेंज हवी, कारण मोबाइलपासून दूर आलो आहोत हे लोकांना कळवायचे असते. शेजारच्या तंबूत मांस भाजत असतील तर वाऱ्याची दिशा आपल्याकडून त्यांच्याकडे असावी (वैभवीचा आग्रह). विंचू नसावेत, असल्यास तसा फलक असावा (सुजीत). सगळ्यात जास्त गुण टॉयलेटला होते. त्यातही नुसते टॉयलेट असून भागणार नव्हते, भिंतीला पाण्याचा फवारा हवा. त्याला इथे शत्ताफ म्हणतात, आणि निसर्गाविषयी आपल्या लोकांना वाटणारी ओढ शत्ताफपासून साधारण पन्नास मीटरपर्यंत टिकते, असे आमचा अभ्यास सांगतो.

यानंतर पाहणी दौरे सुरू झाले. हे दौरे म्हणजे जबाबदारीचे काम. प्रत्यक्ष परिस्थिती कळावी म्हणून दौऱ्याला पूर्ण सामान न्यायचे ठरले होते: तंबू, गाद्या, उशा, शेगडी, पोळ्यांचा डबा, माझे कॅन. जागेवर पोचलो की तंबू उभा करून बघायचा, गाद्या मावतात का ते बघायचे, चहा करून बघायचा, जेवून बघायचे. मग सगळे गुंडाळून घरी यायचे आणि आपापल्या पलंगावर झोपायचे.

अल कुद्राला तळ्याकाठी जागा सुंदर होती, पण तिथे आमच्याच बिल्डिंगमधली माणसे भेटली. एवढ्या लांब जाऊन खालच्या मजल्यावरच्यांना 'काय, कसे काय' म्हणण्यात एकांत कुठे राहिला? रद्द. हत्ताच्या डोंगरात टॉयलेट उत्तम होते, पण ते बघून येईपर्यंत जागा भरून गेल्या. एका वाडीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीपात्रात, सगळेच जमत होते. फक्त पाऊस आला तर काय, असे सुजीतने विचारले. वर ढगाचा पत्ता नव्हता. पण विचारलेला प्रश्न टिपणात गेला की तो काढता येत नाही.

दर दौऱ्यात मिहिका तंबूच्या तोंडाशी बसून म्हणायची, "बट वी आर ऑलरेडी हिअर. व्हाय कान्ट वी जस्ट स्टे?"

"अगं, ही रेकी आहे," शैलेंद्र समजवायचा. "कॅम्प नाही. कॅम्प जागा ठरल्यावर."

जानेवारीअखेरचा दौरा खोर फक्कानपलीकडच्या एका किनाऱ्यावर होता. मागे डोंगर, पुढे समुद्र, लांबवर बंदराचे दिवे. वारा चांगला होता. जेवणे झाली, गप्पा झाल्या, आणि बघतो तर मिहिका तंबूत उशी घेऊन झोपून गेलेली. शोभना तिच्याशेजारी जाऊन बसली, तिच्या अंगावर शाल घातली आणि हळूच म्हणाली, "राहू या ना रे. झोपलीय ती."

शैलेंद्रने तंबूत डोकावून पाहिले. वाकून त्याने तिच्या पायांवरची शाल सारखी केली. मला क्षणभर भीती वाटली की आता हा माणूस प्रक्रिया मोडतो. पण तो सावरला. "टॉयलेट लांब आहे गं," तो म्हणाला, "आणि अजून दोन जागा पेंडिंग आहेत. आत्ता इथे राहिलो तर कम्पेअर कसं करणार?" मग त्याने मिहिकाला हलवून उठवले. ती उठली, उशी काखेत घेतली आणि गाडीत मागे जाऊन बसली. त्यानंतर तिने 'व्हाय कान्ट वी' असे एकदाही विचारले नाही. समितीने याची नोंद 'लाभार्थीचे सहकार्य वाढले' अशी केली.

पुढे मिहिकाची परीक्षा आली. एप्रिलमध्ये ती मोकळी झाली त्याच आठवड्यात अहवालही तयार झाला. (या योगायोगाचे सगळ्यांनी कौतुक केले.) तुलनेसाठी एक ओळखीची जागा हवी म्हणून सुजीतने तक्त्यात शैलेंद्रचे घरही धरले होते. निकाल लागला तेव्हा शंभरपैकी शहाण्णव गुण मिळवून घर पहिले आले. टॉयलेट जवळ, शत्ताफ चालू, रेंज भरपूर, विंचू शून्य, शेजारी चांगली कुटुंबे. चार गुण गेले ते चांदण्याचे. पद्धत किती निःपक्षपाती होती याचा याहून मोठा पुरावा नको.

मिहिकाने तक्ता वाचला. "सो होम वोन," ती म्हणाली. "काँग्रॅट्स, बाबा."

तोवर बाहेर उन्हाने वाळू भाजायला लागली होती. कॅम्प पुढच्या हंगामावर गेला आणि ऑगस्टमध्ये मिहिका कॅनडाला. विमानतळावर शैलेंद्र तिच्या बॅगा परत परत मोजत होता. शोभना मोठ्याने रडली. समिती हजर होती.

आता जे घडले ते सांगायला मला बरे वाटत नाही, पण सांगतो. नोव्हेंबरात एका शनिवारी शैलेंद्र आणि शोभना कोणाला न विचारता खोर फक्कानकडे निघून गेले. दौरा नाही, तक्ता नाही, कॅनसाठी मला फोनसुद्धा नाही. तंबूत त्यांनी तीन गाद्या घातल्या होत्या. ही माहिती मला शोभनाने नंतर दिली; सवयीने घातल्या म्हणाली. सकाळी त्यांनी मिहिकाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे अजून आदली रात्रच होती.

"ओ माय गॉड, यू गाइज ॲक्चुअली स्टेड? कसं वाटलं?" ती मराठीत आली म्हणजे तिलाही काहीतरी झाले असणार.

"ठीक आहे," शैलेंद्र म्हणाला. "टॉयलेट एवढं काही लांब नाहीये." आणि फोन शोभनाच्या हातात देऊन तो पाण्याकडे चालत गेला.

या बेशिस्तीबद्दल समितीने नापसंती नोंदवली आहे. माणूस नुसता उठून जाऊ लागला तर निवडीला अर्थ काय उरला?

वाचकांनी मात्र निराश होऊ नये. निकष पूर्ण तयार आहेत, मागितल्यास पाठवू. तुमची मुले अजून घरातच असतील तर घाईचे काहीच कारण नाही. हे वाचून तुम्ही हसाल, 'अगदी आपलेच' म्हणून घरच्या ग्रुपवर टाकाल आणि खाली लिहाल, 'या वर्षी नक्की जाऊ या.' तुमची मुलगी लगेच विचारेल, 'या शनिवारी?' तेव्हा तुम्ही काय लिहिणार आहात, हे आम्हाला माहीत आहे. समितीत तुमचे स्वागत असो.