राणीचा बॅनर

दापोड्याच्या गोदामात बिस्किटांच्या खोक्यांना मुंग्या लागल्या आणि शैलेशची झोप उडाली. सुपरवायझर होऊन त्याला जेमतेम महिना झाला होता. मालक अनंताशेठनी बजावलं होतं, "चार दिवसांत बंदोबस्त कर, नायतर परत लोडिंगला."

शैलेशने मोबाइलवर मुंग्यांचा व्हिडिओ पाहिला, तोही अर्धाच. राणी आकाराने मोठी असते, एवढं ऐकून गडी उठला. सकाळी गेटबाहेरच्या रांगेत त्याला एक मुंगी दिसली. बाकीच्यांच्या तिप्पट, डोकं तर मोहरीएवढं! त्याने तिला बरणीत घातलं आणि औषध मारणाऱ्याला फोन करून येऊ नको म्हणून कळवलं.

"शेठ, राणी गावली! आता खेळ खलास समजा."

अनंताशेठना सत्काराचं भारी वेड. संध्याकाळपर्यंत गेटवर दहा फुटी बॅनर लागला. एकीकडे गॉगलवाला शैलेश, दुसरीकडे त्याच्याएवढीच मोठी केलेली बरणीतली मुंगी आणि खाली 'राणी पकडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर शैलेशच्या खांद्यावर शाल पडली. तेवढ्यात झाडूवाली गंगू बॅनरजवळ जाऊन निरखून बघू लागली.

"साहेब, ही राणी न्हाय."

"मग कोण?"

"कामकरी हाय. निसतं डोकं मोठं. राणीची छाती जाड, पोट मोठं, पाठीवर पंख गळल्याच्या खुना. हिला कायबी न्हाय."

"तू झाडू मार," म्हणत शैलेशने पेढ्यांचा बॉक्स उघडला. पेढे काळे झाले होते आणि चालत होते. हमाल पोट धरून हसले. शेठ एवढंच म्हणाले, "उद्यापासून लोडिंगला." शाल मात्र त्यांनी काढून घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं, शैलेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुपारी तो स्वतःच शिडी लावून बॅनर उतरवू लागला. शिडी गंगूने धरली.

"फाडू नका, माझं छप्पर गळतं."

"ने. पण माझं तोंड बाहेर दिसायला नको."

"आतल्या अंगाला करते."

रविवारी अचानक मालाची गाडी आली, म्हणून शेठनी शैलेशला झाडलोटीसाठी गंगूला बोलवायला तिच्या पाड्यावर धाडलं. दाराशी पोचला तर आत गंगूची नात चंद्रा उताणी पडून वर छपराच्या बॅनरकडे बघत होती.

"आजी, ही राणी?"

"न्हाय गं. कामकरी."

"आनि बाजूचा गॉगलवाला?"

"तो पन."

शैलेशने डोळ्यांवरचा गॉगल काढून हळूच खिशात घातला आणि मग हाक मारली.