सुरेंद्रचं अखंड वास्तव्य

मोशी आणि कुरुळीच्या मधे कुठेतरी आमचं गाव आहे. नाव सांगत नाही. मी तिथला ग्रामसेवक असल्यामुळे गावाची अब्रू माझ्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली सरपंच लक्ष्मणरावांकडे असते.

एक्क्याऐंशी सालच्या जानेवारीत गोजाबाईंचा सुरेंद्र गावी परत आला. भोसरीला फिटर होता. कारखान्यातल्या जर्मन साहेबानं त्याला एक्काहत्तर साली पश्चिम जर्मनीला नेलं आणि सत्त्याहत्तर साली त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं. आता आपली राज्यघटना नवव्या कलमात म्हणते, की ज्यानं आपखुशीनं परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं तो भारताचा नागरिक नव्हे. पंचावन्न सालचा नागरिकत्व कायदाही तेच म्हणतो आणि तेही नवव्याच कलमात. दोन सरकारी कागद एकमेकांशी जुळल्याचं माझ्या नोकरीतलं हे एकमेव उदाहरण.

सुरेंद्रला मात्र पुन्हा भारतीय व्हायचं होतं.

"आईला आता अजिबात दिसत नाही, भाऊसाहेब," तो म्हणाला. "सहा महिन्यांचा व्हिसा आहे. तेवढ्यात अर्ज मंजूर झाला तर इथंच राहीन. नाहीतर तिला पाणी कोण देणार?"

अर्जाला पंचायतीचा दाखला हवा होता: अर्जदार एक्काहत्तरपर्यंत गावात होता, नंतर परदेशी. दोन ओळींचं काम. मी लिहायला बसलो तोच लक्ष्मणरावांनी माझा हात धरला.

"डोकं ठिकाणावर हाय का, भाऊसाहेब? त्यो जर्मनीत व्हता, मग अठ्ठ्याहत्तरला येकदा आन् ऐंशीला दोनदा त्याचं मत कुनी घातलं?"

हे खरंच होतं. आमच्या गावाला मतदानाची थोर परंपरा आहे. कुणी सासरी गेलेलं असो, मुंबईला असो की वैकुंठाला, मत पडल्याशिवाय राहत नाही. ही सगळी सेवा पंचायतीचा शिपाई भिवा एकटा करायचा. त्याला विचारलं तर तो दुखावला. म्हणाला, "पोरगं परमुलखात राबतंय. त्याचं मत वाया जाऊ द्यायचं व्हय?"

तेव्हा मी दाखला दिला: "श्री. सुरेंद्र यांचे जन्मापासून या गावी अखंड वास्तव्य असून ते एकही दिवस परगावी राहिलेले नाहीत." शिक्का अगदी सरळ बसला होता.

वरच्या कचेरीत अव्वल कारकून हरिहरपंतांनी तो दाखला दोनदा वाचला.

"तुम्ही देश सोडलाच नाही, तर परत कसले येताय?"

"साहेब, हा माझा जर्मन पासपोर्ट."

"दिसतोय. पण मतदारयादीवरच्या खुणांप्रमाणे तुम्ही तीनदा मतदान केलंय. म्हणजे तुम्ही नागरिक. नागरिकाला नागरिकत्व द्यायची तरतूद नाही."

"बरं, मग मी नागरिक आहे ना?"

"कसे असाल? कलम नऊ."

"अहो, ती मतं मी घातलीच नाहीत!"

हरिहरपंतांनी टाक खाली ठेवला. "असं म्हणता? मग चौकशी लावतो."

झालं! चौकशी लागली आणि चौकशी करायला पंचनाम्याचे कागद घेऊन मीच गावात फिरलो. चाळीस जबाब झाले. सुरेंद्र दर दिवाळीला आपल्या दुकानातून गूळ नेतो, असं दत्तोबा वाण्यानं सांगितलं. भिवानं शपथेवर सांगितलं, की तिन्ही वेळा आपणच त्याला शाळेतल्या केंद्रावर हाताला धरून नेलं होतं.

गोजाबाई तेवढ्या आडव्या आल्या.

"आरं मुडद्यांनो, धा वर्सं माजं पोरगं घरात व्हतं, तर मी रोज कुनासाठी रडत व्हते?"

खरं सांगतो, मला लाज वाटली. मान खाली घालून मी लिहिलं: "आई वयोवृद्ध. दृष्टी नाही. मुलगा घरात असूनही दिसला नसावा. साक्ष ग्राह्य धरू नये."

जुलैत निकाल आला. इतका न्याय्य निकाल मी पाहिलेला नाही. "मतदारयादीतील सुरेंद्र हा भारतीय नागरिक असून आईजवळ राहतो. अर्जदार सुरेंद्र हा परदेशी नागरिक असून निराळा इसम आहे. त्याने तात्काळ देश सोडावा. आईचा सांभाळ स्थानिक सुरेंद्र करीत असल्याने कोणाचीही गैरसोय होणार नाही."

निराळा इसम चाकणच्या रस्त्याला एसटीची वाट बघत उभा राहिला. गोजाबाईंनी त्याचा चेहरा बोटांनी चाचपला, नाकावरून, कपाळावरून, पुन्हा नाकावरून. लक्ष्मणरावांनी गावातर्फे शाल-श्रीफळ दिलं आणि "परदेशी पाहुण्यांनी आपल्या गावाला विसरू नये" असे चार शब्द बोलले. गोजाबाईंना घरी मी पोचवलं. उंबऱ्याशी येताच त्यांनी माझा हात झटकला.

त्यानंतरच्या निवडणुकीत स्थानिक सुरेंद्रनं सकाळी आठाला पहिलं मत घातलं. गोजाबाईंना पाणी अजून शेजारची शालनबाई देते.

तुम्ही हसताय. हसा. देश न सोडता नागरिक राहायची सोय तुम्हाला जन्मापासून आहे. तुमच्यावर कुठलंच कलम लागत नाही. मागच्या मतदानाला सुट्टी होती, तुम्ही डबे बांधून लोणावळ्याला गेला होता. जाताना म्हणालात, एका मतानं काय होतंय! काळजी नसावी. मी यादी पाहिली आहे. तुमचंही मत पडलेलं आहे.